ए साइड भुसावळ, बी साइड नंदुरबार

खानदेशातल्या जुन्या कॅसेटी वाचवायला निघायचं तर मार्गशीर्ष गाठावा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावरून खोकं उतरवून लगेच रीळ फिरवलं तर ते चिकटतं, ताणलं जातं. पावसाळ्यात बुरशी. मार्गशीर्षात हवा कोरडी, घरोघरी भरताचा बेत, आणि माणसं संध्याकाळी अंगणात निवांत सापडतात.

बेत पाच दिवसांचा: भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार. प्रत्येक गावी एका घरचं खोकं, आणि कॅसेट वाजवायचा डेक त्याच घरी मांडायचा. कॅसेटी गोळा करून दुसरीकडे न्यायच्या नाहीत, कारण आतल्या कागदावरचं अक्षर कोणाचं, ही डबी कोणाकडून आली आणि परत द्यायची राहिली, याची उत्तरं त्या घरातच असतात.

वेळेचा हिशेब आधी करावा. सी-६० कॅसेट, म्हणजे दोन्ही साइड मिळून साठ मिनिटांची, लॅपटॉपवर उतरवायला साठ मिनिटं लागतातच, तिथे घाई चालत नाही. उघडणं, पुसणं, जुळवणं धरून एका डेकवर दिवसाला पाच कॅसेटी होतात, फार तर सहा. खोक्यात मात्र ऐंशी-नव्वद निघतात. म्हणून क्रम लावावा लागतो: आधी घरी भरलेल्या, मग दुकानातून यादी देऊन भरून घेतलेल्या, शेवटी कंपनीच्या. कंपनीचा अल्बम आज कुठेही स्वच्छ आवाजात ऐकता येतो. घरच्या आवाजाची दुसरी प्रत नाही.

सोबत घेतलेलं सामान: आवाज बाहेर घ्यायची जागा (लाइन-आउट) असलेला साधा डेक, तो आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, दोन आरसीए केबल, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, कानात घालतात त्या कापसाच्या काड्या, बारीक फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, नवं ब्लेड, तुटलेलं रीळ जोडायची ३.८१ मिलिमीटर रुंदीची स्प्लायसिंग टेप, कॅसेटच्या स्क्रूने उघडणाऱ्या दहा रिकाम्या बॉड्या, डेकचे दोन जादा बेल्ट, मास्क आणि षटकोनी पेन्सिल. कॅसेटच्या चाकाला आतून सहा दात असतात, त्यात पेन्सिल नेमकी बसते. ज्यांनी दहावी-बारावीत बॅटरी वाचवायला पेन्सिलीवर कॅसेट फिरवली त्यांना हे सांगावं लागत नाही.

दिवस पहिला, भुसावळ

रेल्वेच्या गावात खोकंही गाडीतून आल्यासारखं असतं. बदल्या होत राहिल्या, घरं बदलली, आणि कॅसेटी दर वेळी सगळ्यात शेवटी भरल्या गेल्या. पहिला दिवस वाजवण्याचा नाहीच. पहिला दिवस बघण्याचा.

खोकं खाली उतरवलं की निदान अर्धा दिवस बसत्या खोलीत तसंच ठेवावं, म्हणजे रीळ आणि बॉडी खोलीच्या तापमानाला येतात. मग प्रत्येक कॅसेटचे तीन फोटो: डबी, आतला कागद उघडून, आणि कॅसेटची दोन्ही अंगं. त्यानंतर टॉर्चच्या उजेडात खिडकीतून रिळाची गुंडाळी बघायची. ती ग्रामोफोनच्या तबकडीसारखी सपाट दिसली तर बरं. पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर कॅसेट आडवी धरून तळहातावर हलकेच दोन-तीनदा आपटावी, कडा सारख्या होतात. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. त्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत, त्यांचं पाचव्या दिवशी.

यानंतर खालची उघडी बाजू. मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा पॅड असतो, तो रिळाला डेकच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. पॅडचा डिंक वाळला की पॅड गळतो, मग आवाज दबतो, डुलतो, मध्येच बुडतो. पुष्कळ जण अशा वेळी रीळ खराब झालं समजून कॅसेट फेकतात. रीळ धडधाकट असतं, फक्त घर बदलायचं असतं.

घर बदलण्याची रीत: पांढऱ्या ताटात काम करावं, स्क्रू आणि पिना हरवत नाहीत. पाच स्क्रू काढायचे, कॅसेट आडवी ठेवूनच वरचं झाकण सरळ वर उचलायचं. आत वर-खाली दोन पातळ चकचकीत कागद असतात, कोपऱ्यात दोन छोटे रोलर. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा. मग दोन्ही चाकं दोन हातांच्या बोटांनी एकदमच उचलून नव्या बॉडीत बसवायची, रीळ रोलरच्या बाहेरून आणि पॅडच्या पुढून आलं आहे ना ते बघायचं. कागद विसरले तर कॅसेट दहा मिनिटांत जाम होते. स्क्रू आवळताना आधी चार कोपरे, मग मधला, आणि सगळे बेतानेच. जास्त आवळले तर बॉडी रिळाच्या कडांना घासते आणि फिरताना किरकिर येते.

काही बॉड्यांना स्क्रूच नसतात, त्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्या जोडावर ब्लेड टेकवून मागून हलके ठोकत कडेकडेने जायचं. बॉडी फुटली तरी चालेल, ब्लेड आत घुसता कामा नये.

पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटींची बॉडी बहुधा वाकलेली निघते. जुन्या धाब्याच्या घरातल्या कोनाड्यात ठेवलेल्या मात्र सरळ राहतात. मातीचा जाड धाबा दुपारचं ऊन आत उतरू देत नाही आणि रात्रीचा गारठाही. ज्या घरांनी स्लॅब टाकल्यावर सगळं जुनं सामान गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलं, त्यांनी कॅसेटींचं सगळ्यात मोठं नुकसान करून घेतलं. खोकं अजून तिथे असेल तर आज उतरवावं.

दिवस दुसरा, जळगाव

भुसावळहून जळगाव गाडीने अर्ध्या तासावर. केबल, पिना, लहान स्क्रू ड्रायव्हर गोलाणी मार्केटात मिळतात. स्प्लायसिंग टेप आणि रिकाम्या बॉड्या तिथे मिळतील या भरवशावर मात्र जाऊ नये, त्या आधीच मागवून ठेवाव्यात.

इथल्या खोक्यात सगळ्यात वर होती ती कॅसेट खानदेशातल्या त्या वयाच्या कितीतरी घरांत होती: ‘आशिकी’, १९९०, टी-सीरिज. संगीत नदीम-श्रवण यांचं, आवाज कुमार सानू, अनुराधा पौडवाल यांचे. गुलशन कुमार यांच्या कंपनीने कॅसेट स्वस्त केली आणि अल्बम ही चैन न राहता कॉलेजातल्या मुलांच्या खिशाला परवडणारी वस्तू झाली. त्याआधी एक कॅसेट घराची असायची. आता ती एका मुलाची, एका मुलीची झाली. नाव घालून, दप्तरात ठेवून, मैत्रिणीला आठवड्याच्या बोलीवर देऊन.

क्रम लावताना आम्ही कंपनीच्या कॅसेटी शेवटी ठेवतो, पण आवडता अल्बम याला अपवाद आहे, आणि या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कंपनी एका कॅसेटमध्ये दोन्ही साइडना पुरेल इतकंच रीळ घालते, आणि ते मोठ्या साइडच्या मापाचं असतं. लहान साइडच्या शेवटी त्यामुळे मिनिट-दोन मिनिटं रिकामी उरतात. शेवटचं गाणं संपलं की सगळे कॅसेट उलटतात, पुढे कोणी ऐकत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ही जागा माहीत होती. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची दोन नखं असतात. साइड समोर धरून रिळाची उघडी बाजू खाली ठेवली तर डावीकडचं नख त्या साइडचं. कंपनीच्या कॅसेटला ती तोडलेलीच येतात, म्हणजे चुकून पुसलं जाऊ नये. त्या भोकावर सेलोटेप लावली की रेकॉर्डचं बटण दबतं. म्हणून कंपनीच्या कॅसेटवर मागच्या कडेला सेलोटेप किंवा कागदाचा बोळा दिसला की ती कॅसेट यादीत पहिली. आणि गाणी संपली तरी डेक बंद करायचा नाही, रीळ आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं.

आवडतं गाणं रिळावर कुठे आहे हे न ऐकताही कळतं. पुन्हा पुन्हा रिवाइंड करून ज्या जागी बटण दाबलं गेलं तिथे रिळावर बारीक दाबाच्या खुणा पडतात, आवाजातली धार गेलेली असते, गाण्याची सुरुवात मऊ येते आणि दुसऱ्या ओळीपासून स्वच्छ होते. इस्त्रीसारखे प्रयोग करू नयेत. एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळून, मग वाजवावं, इतकंच करण्यासारखं आहे.

जळगावच्या मुक्कामात खरा वेळ गेला तो हेड जुळवण्यात. कॅसेट ज्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपवर, भरली त्याचं हेड जरा तिरकं असेल तर तोच तिरकेपणा रिळावर उतरतो. आपला डेक सरळ असूनही मग आवाज बोळा कोंबल्यासारखा येतो. उपाय डेकमध्येच असतो. कॅसेटच्या दाराचं झाकण काढलं की हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक स्क्रू दिसतो. मूळ जागेवर मार्करने खूण करावी. हेडफोन मोनोवर ठेवून कॅसेट वाजवावी आणि स्क्रू एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग इतकाच फिरवावा. झांजा, टाळ्या, ‘स’ आणि ‘श’ हे उच्चार जिथे सगळ्यात धारदार येतील तिथे थांबावं. मोनोवर ऐकायचं कारण, दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर त्या एकमेकींना खातात आणि चूक लगेच कानाला कळते. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करायचं, आणि शेवटी स्क्रू खुणेवर परत आणायचा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवून हे भरून निघत नाही. जे हेडने वाचलंच नाही ते फाइलमध्ये नसतं, तिथे फक्त सळसळ वाढते.

प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि लोखंडी कॅप्स्टन (रीळ पुढे नेणारी बारीक दांडी) अल्कोहोलच्या काडीने पुसायचं, काडी तपकिरी येणं थांबेपर्यंत. रीळ त्या दांडीवर दाबणाऱ्या रबराच्या पिंच रोलरला अल्कोहोल वारंवार लावू नये, रबर सुकून कडक होतं. त्याला साबणाचं सौम्य पाणी आणि कोरडं फडकं. रोलर कडक झाला की तो रीळ ओढत नाही, स्वतःभोवती गुंतवतो. ‘टेपने कॅसेट खाल्ली’ म्हणतात त्यात बहुतेक वेळा कॅसेटचा दोष नसतो. रोलर कडक झालेला असतो, नाहीतर रीळ गोळा करणाऱ्या चाकाचा बेल्ट सैल पडलेला.

फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह. स्टीरिओत एका मिनिटाला सतरा एमबीच्या थोडं वर, म्हणजे सी-६० साठी साधारण एक जीबी. आवाजाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवावी, मोठ्यातल्या मोठ्या आवाजालाही उणे सहाच्या वर जाऊ देऊ नये. लॅपटॉपच्या एकाच गोल भोकात केबल खुपसू नये, ते बहुधा माइकचं आणि मोनो असतं. चार्जर लावल्यावर गुणगुण आली तर चार्जर काढून बॅटरीवर काम करावं.

संध्याकाळी असोद्याला जाऊन यावं. बहिणाबाई चौधरींचं ते माहेर, शहराला लागूनच. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या म्हणून राहिल्या. शेतात, जात्यावर म्हटलेलं गाणं कोणीतरी टिपून ठेवलं नाही तर काय होतं, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको.

दिवस तिसरा, अमळनेर

सुरत लाइनच्या गाडीने अमळनेर. प्रताप कॉलेजचं गाव, साने गुरुजींचं गाव. इथली कॅसेट हॉस्टेलची: कागदावर तीन-तीन नावं, एक खोडून दुसरं, एकाच रिळावर तीन वर्षांची गाणी एकावर एक. जिथे नवं रेकॉर्डिंग संपतं तिथे जुनं मध्येच सुरू होतं. ती तुकड्यांची जोडणी कापू नये, तसंच ठेवावं.

काम एकच, तुटलेली रिळं. तुटतं ते बहुधा टोकाला, जिथे पारदर्शक पट्टी रिळाला जोडलेली असते, कारण जुन्या टेपला संपल्यावर थांबणं माहीत नसे आणि मोटर ओढत राही. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून नव्या ब्लेडने तिरका काप द्यावा, टोकं शेजारी शेजारी टेकवावीत, अजिबात एकावर एक नकोत, आणि मागच्या बाजूने एक-दीड सेंटिमीटर स्प्लायसिंग टेप लावून नखाने घासावी. मागची बाजू म्हणजे हेडला न लागणारी, कॅसेटच्या आतल्या अंगाची. सेलोटेप कधीही नाही. तिचा डिंक उन्हाळ्यात बाहेर येतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. खोक्यात सेलोटेपचे जुने जोड निघाले तर ते काढून पुन्हा करावेत.

सी-९० चं रीळ सी-६० पेक्षा पातळ, सी-१२० चं त्याहून पातळ. सी-१२० वेगाने गुंडाळूच नये. एकदा सावकाश वाजवून उतरवावी आणि परत डबीत ठेवावी.

जेवण शेवभाजीचं. तिखटाचा अंदाज आधी विचारून घ्यावा.

दिवस चौथा, धुळे

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. कागद जपायची इथे जुनी शिस्त आहे. पोथीला कापडात बांधणारं, कोरड्या जागी ठेवणारं हे गाव. त्याच गावातल्या घरांत लग्नाच्या हळदीची गाणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटलेली गाणी, कानबाई देवीच्या रात्रीची गाणी सी-६० वर पडून आहेत आणि त्यांना डबीही नाही. दोन्ही वारसे सारख्याच मोलाचे आहेत. फरक इतकाच की कागद शंभर वर्षं वाट बघतो, रीळ बघत नाही.

धुळ्याची अडचण वेगाची. अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बायकांचे आवाज लहान मुलींसारखे बारीक येत होते. कारण ठरलेलं: अंगणात टू-इन-वन सेलवर चालवला, सेल उतरत आले, रेकॉर्ड होताना रीळ हळू फिरलं. आता योग्य वेगाने, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने, वाजवलं की सगळं वर चढतं. शिवाय सेल उतरत जातात, म्हणून सुरुवातीला चूक कमी आणि शेवटी जास्त.

टेप विजेवर चालवून भरलेली असेल तर उपाय सोपा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची बारीक गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली असते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत तुकडा निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे याचा आलेख, काढावा, साइझ ६५५३६ ठेवावी, नाहीतर ५० आणि ५२ वेगळे दिसत नाहीत. रेघ ५२ वर आली तर वेग ०.९६२ पट करायचा. एक सावधगिरी: आपल्या डेकचीही गुणगुण असते, ती नेमकी ५० वरच बसते. कॅसेट थांबवून जी रेघ उरते ती डेकची, तिला मोजू नये. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सीही ५० ला घट्ट चिकटून नसे, म्हणून दोनेक टक्के इकडेतिकडे धरावेत.

सेलवरच्या कॅसेटीत ही रेघच नसते. इथे मदतीला येतो तो पुन्हा आवडता अल्बम. गाणी चालू असताना मागे कुठेतरी लाउडस्पीकरवर, शेजारच्या रेडिओवर, लग्नाच्या बँडवर त्या काळचं एखादं गाजलेलं गाणं लागलेलं असतं. बँडचा सूर वेगळा असू शकतो, त्यावर विसंबू नये. लाउडस्पीकरवरचं मूळ गाणं असेल तर त्याची आजची स्वच्छ प्रत शेजारच्या ट्रॅकवर ठेवायची आणि दोन्हींचा सूर जुळेपर्यंत वेग उतरवायचा. अर्ध्या स्वराचा, म्हणजे सा ते कोमल रे एवढा, फरक साधारण सहा टक्क्यांचा. मुलांनी अंगणात मोठ्याने लावलं म्हणून तेव्हा ज्या गाण्यावर घरातली मोठी माणसं चिडली असतील, तेच आता आजीचा आवाज तिच्या पट्टीत आणून देतं.

मूळ फाइल न बदलता ठेवायची आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करायची. नावात गाव, साल माहीत असल्यास साल, साइड आणि घरातलं नातं लिहावं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. घरच्या गाण्यांच्या प्रती नातेवाइकांत वाटाव्यात. कंपनीच्या अल्बमची उतरवलेली फाइल स्वतःच्या ऐकण्यापुरतीच ठेवावी. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो.

दिवस पाचवा, नंदुरबार

धुळ्याहून दोंडाईचामार्गे बस. दत्तजयंतीच्या आठवड्यात सारंगखेड्याची यात्रा असते, तेव्हा गाड्या भरून जातात, सामान जड असेल तर पहाटेची पकडावी. नंदुरबारला मिरचीचा बाजार आहे. वाळत घातलेल्या मिरचीच्या दिवसांत खिडक्या लावून काम करावं, धूळ आणि तिखट दोन्ही हेडला वाईट.

राखून ठेवलेली बुरशीची पिशवी इथे उघडली, घराबाहेर, मास्क लावून. बुरशीचं रीळ चांगल्या डेकवर कधीच चढवायचं नाही, एक कॅसेट पुढच्या दहांना लागण करते. बॉडी उघडून फेकायची, जुनी चाकं पुसायची, रीळ कोरड्या मऊ सुती फडक्यातून सावकाश पेन्सिलीने एका चाकावरून दुसऱ्यावर गुंडाळायचं, फडकं दर मिनिटाला बदलायचं. ओलं काहीही नाही. मग नवी बॉडी, आणि वाजवायला दुसरा, जुना डेक. सी-६० मध्ये ९० मीटरच्या आसपास रीळ असतं. हाताने एक तास लागतो.

पिशवीतल्या चार कॅसेटी होळीच्या होत्या, ढोलांच्या. पावरी बोलीतली गाणी ज्यांना कळतात अशा माणसाला शेजारी बसवल्याशिवाय त्यांची नावं लिहू नयेत. पाचवी कंपनीची होती, ‘आशिकी’च, मागच्या कडेला पिवळी पडलेली सेलोटेप. घरातल्या मावशी स्वयंपाकघरातून बघत होत्या. गाणी संपली, सळसळ सुरू झाली, डेक चालू ठेवला. चाळीसेक सेकंदांनी बटणाचा खट्ट आवाज आला आणि एक मुलगी हसू दाबत कोणाला तरी “बोल ना” म्हणाली. मावशी पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या.

“हाऊ मना आवाज शे.”

पुढे सव्वा मिनिट होतं. रीळ आपोआप थांबलं तेव्हा फाइल सेव्ह केली: नंदुरबार, बी साइड, शेवट.